साहेबांची पाहणी

"अगं उचल ना! साहेब दारात येईल तरी तू ती मशीनच पुसत बसशील," शेजारची बनूबाई ओरडली. शालनने दुसरी बाजू धरली. शिलाई मशीन उंबरा उतरली, गटार ओलांडून बनूबाईच्या खोलीत गेली. मागोमाग परकरांची गाठोडी, रिळं, कात्री, सगळं गेलं.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात शालन बारा वर्षं परकर शिवत होती. माल सिंधी शेठचा, हात तिचे. नवरा गेल्यापासून घर या मशीनवरच चाललं होतं. पण आता उजवा गुडघा सुजायचा. पायमशीन बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिने मोटरवाल्या मशीनसाठी महामंडळाकडे अनुदानाचा अर्ज केला होता आणि त्याचीच आज पाहणी होती. ती मशीन मिळाली नाही तर शेठचा माल दुसऱ्या दारात जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"मशीन दिसली ना, तर म्हणेल, हिला काय कमी हाय," असा बनूबाईचा कायदा. रॉकेलपासून रेशनकार्डापर्यंत तिचेच कायदे गल्लीत चालत. शालनलाही तो पटला. तिने तर दोन बऱ्या साड्यासुद्धा पेटीत दडवल्या.

साहेब आले. तरुण, घामाघूम, बोलायला सरळ. फिनेलने पुसलेल्या रिकाम्या खोलीकडे ते बघत राहिले.

"शिलाईचं काम कुठे चालतं, बाई?"

"इथंच, साहेब."

"मग मशीन?"

"मशीन कुठली साहेब! गरीब माणूस मी. म्हणून तर मागते."

साहेबांनी फायलीतला अर्ज काढला. "ही योजना चालू धंदा वाढवायला आहे. तुम्हीच लिहिलंय, बारा वर्षांचा धंदा."

आजवर शालनला सरकारी माणसापुढे आपल्याकडे काय नाही तेच सांगावं लागलं होतं. काय आहे ते बघायला कुणी येईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आहे, साहेब! शेजारी ठेवलीय," म्हणत ती त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

पण बनूबाई दारातच आडवी आली. "नाय नाय साहेब, ती मशीन माझी हाय." आपण शालनला वाचवतोय, अशी तिची पक्की समजूत.

"मावशी, गप ना!" शालन रडकुंडीला आली. मग तिला बाजूला सारून मशीनवर बसली. परकर घेतला, नेफा दुमडला, चाकाला हात लावला. गुडघा ठणकत होता, पण टीप सुतासारखी सरळ पडत गेली. साहेबांनी वाकून टीप पाहिली.

"काम तुमचंच आहे," ते म्हणाले. "पण पत्त्यावर काही सापडलं नाही, आणि मशीन या बाई स्वतःची म्हणतात. मी खोटं कसं लिहू? पुढच्या वर्षी परत अर्ज करा."

"तोपर्यंत पाय चालायला पायजे ना, साहेब."

त्यांनी मान खाली घालून लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. 'जागेवर व्यवसाय आढळला नाही.' शालनने ते दोनदा वाचलं. मग खाली पूर्ण नावाची सही केली.

साहेब गेल्यावर बनूबाईने तोंडाला पदर लावला. "माझ्यामुळं झालं गं सगळं."

"रडू नको, मावशी. मलापण तसंच वाटलेलं."

परकर अर्धाच झाला होता. शालनने पायडलवरचा उजवा पाय काढला, डावा ठेवला आणि उरलेली टीप घालायला घेतली.