मदर-हाउसमधला चुडा

“नाही नाही, वाढवायच्या नाहीत!” मदर लिसी घाईघाईने म्हणाल्या. “कमी करायच्या आहेत. सगळ्याच.”

बाबा मेरीमातेच्या मूर्तीपुढे स्टुलावर उभे होते, हातात छोटी हातोडी घेऊन. त्यांनी आधी मदरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. एरवी मी खो खो हसले असते. आज हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

“तेच सांगतंय मी,” बाबा म्हणाले. “वाढवतंय. माज्याच हातानं वाढवतंय.”

“पण आणखी कशाला? आहेत त्याच जास्त झाल्या.”

मदर लिसी केरळच्या. रत्नागिरीत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. मराठी शाळेच्या पुस्तकांतून शिकल्या, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात. पण पुस्तकात वाढवणे म्हणजे वाढवणेच. बांगडी फुटली असं बाईमाणसाच्या बाबतीत तोंडातून काढायचं नाही, वाढली म्हणायचं, हे कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात असणार? बाबा मात्र आपलं म्हणणं अगदी स्पष्ट आहे अशा समजुतीत स्टुलावर उभे. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे दुखतायत, आणि खाली उतरायला तयार नाही.

मी खरं तर भांडायला आले होते. जिल्हा परिषदेत कारकुनी करून माझा आवाज तसा तयार झालेला आहे. अर्धी रजा टाकली, बाबांना स्कूटरवर मागे बसवलं आणि पावसच्या रस्त्याने येताना मनातल्या मनात सगळी वाक्यं जुळवली. कारण त्या बांगड्या माझ्या आईच्या होत्या.

तशा अगदी तिच्या हातातल्या नव्हेत. पण ते सांगायचं तर मूर्तीपासून सांगायला हवं.

हे मदर-हाउस म्हणजे या सिस्टरांचं मुख्य ठिकाण. बिहारात, ओडिशात, कुठे कुठे त्यांची कामं चालतात. दवाखाने आहेत, शाळा आहेत. पण नेमणूक इथून होते, आणि थकल्यावर विसाव्याला यायचं तेही इथेच. लाल चिऱ्याची इमारत, पुढे कमानींचा लांब व्हरांडा, चॅपेलच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. दुपारी तिथून जो उजेड येतो तो ताकासारखा असतो, पांढुरका आणि थंड. बांधणारे सगळे इथलेच, देवळं बांधणारे हात. म्हणून अंगणातला क्रूस चौथऱ्यावर उभा आहे आणि तो चौथरा थेट तुळशीवृंदावनाचा आहे. वेदीमागची फणसाच्या लाकडाची महिरप गंगाराम सुताराने केली. तो पालख्या करणारा माणूस. त्याला द्राक्षांचे घोस कोरायला सांगितले. त्याने जन्मात द्राक्षाचा वेल पाहिलेला नव्हता. म्हणून त्याने जांभळांचे घोस कोरले. पानांसकट. आजही तिथे प्रभूच्या पाठीमागे जांभूळ लगडलेलं आहे, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

बाबांचा गणपतीचा कारखाना होता. नागपंचमीपासून आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसे. मी तेव्हा पहिलीत होते, याच सिस्टरांच्या शाळेत. चॅपेलमधली जुनी मेरीमातेची मूर्ती वाळवीने खाल्ली, तेव्हा जुन्या मदरनी बाबांना बोलावलं. त्या परदेशातून आलेल्या, उंच, लालबुंद. बाबांनी विचारलं, ह्या घराला मदर-हाउस का म्हणतात? त्यांनी आपल्या परीने समजावलं. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, “मदर म्हंजे आयस, हाउस म्हंजे घर. आयशीचा घर म्हंजे म्हायेर. ह्या सगळ्या पोरी म्हायेराक येतत. सोपा हाय.”

इतकं सोपं झाल्यावर मूर्ती काय व्हायची ती झाली. मूर्ती माणसाएवढी, सिमेंटची. पांढरा झगा, निळा पदर, जोडलेले हात. हात कुणाचे करायचे? बाबांनी जन्मभर सोंड आणि मोदक धरलेले हात केले, बाईचे हात फार तर गौरीचे. त्यांनी आईलाच चुलीपुढून उठवून बसवलं. “हात जोड.” आईने जोडले. “हलू नको.” आई हलली नाही. त्या दिवशी बांगड्यांचं कालवण करपलं, म्हणजे खायच्या बांगड्यांचं, आणि आम्ही भाताबरोबर लोणचं खाल्लं. आईची उजवी करंगळी लहानपणी विळीवर कापून वाकडी झालेली होती. बाबांनी तीही वाकडीच केली. आई म्हणाली, “अवो, निदान तिची तरी सरळ करा.” बाबा म्हणाले, “मग ते हात तुजे कसे?”

आमच्या घरात बाबा आईशी याहून गोड कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

मग हात मूर्तीच्या बाह्यांत बसवायची वेळ आली आणि बाबांचं घोडं अडलं. मनगटं उघडी होती. गौरीचे हात भरलेले असतात. माहेरी आलेल्या बाईचे हात रिकामे कसे ठेवायचे? दुसऱ्या दिवशी आई बाजारात कासाराकडे गेली. स्वतःला हिरवा चुडा भरून घेतला आणि त्याच मापाच्या, त्याच रंगाच्या बांगड्या बांधून आणल्या. हात बाह्यांत बसवण्याआधी बाबांनी त्या मनगटांत सरकवल्या. आता हात जोडलेले आणि बाह्या पक्क्या. बांगडी काढायची तर ती सरकून निघणार नव्हती. फुटूनच निघणार होती.

मग जुन्या मदर मूर्ती बघायला आल्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग हसल्या. म्हणाल्या, “माहेरी मुलीला बांगड्या भरतात ना? राहू द्या.”

तेव्हापासून दर सप्टेंबरात, मेरीच्या सणाआधी, बाबा इथे येऊन मूर्तीचे डोळे आखून जातात. आई गेल्यापासून त्यांना डोळ्यांपेक्षा हातांपाशी जास्त वेळ लागतो. आईचे फोटो आहेत, पण फोटोवाला सांगतो तसे सगळे चेहऱ्याचे. हात कुणी काढले नाहीत. ते इथे आहेत.

आता घराची पंचाहत्तरी आली. चॅपेल नव्याने रंगवायचं ठरलं आणि मदर लिसींनी निरोप धाडला: बांगड्या काढायच्या आहेत, मूर्तिकारांनी यावं. कारणही खोटं नव्हतं. किनाऱ्यावरच्या बायका इथे लग्नं जमण्यासाठी बांगड्या वाहायला लागल्या होत्या. मूर्तीपुढच्या कठड्याला हिरव्या बांगड्यांची तोरणं झाली. नवस फेडायला नाटे गावाहून एक बाई नारळ घेऊन आली तेव्हा म्हणे सिस्टरांची मोठी बैठकच बसली.

तर आता स्टुलावर बाबा आणि खाली मदर, आणि दोघांमध्ये तो एक शब्द.

शेवटी सिस्टर फिलोमिना पुढे झाल्या. या वेंगुर्ल्याच्या. इतकी वर्षं इथलं स्वयंपाकघर सांभाळलं, पण बोली सुटली नाही. “मदर, तसा नाय तां. आमच्यात बांगडी फुटली म्हणनत नाय. वाढली म्हणतत.”

“का?”

“फोडतत ती कधी? घो मेल्यार. तो शब्द तोंडात नको म्हणान वाढवली म्हणतत. मोडता तेका वाढता म्हणायचा.”

मदर लिसींनी फिलोमिनांकडे पाहिलं. मग त्यांनी वर पाहिलं. “म्हणजे तुम्ही... काढायलाच तयार आहात?”

“व्हय. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाय. तुमचे रंगारी मशीन लावतील. ते नको.”

इथे माझं ठरलेलं भांडण सुरू व्हायला हवं होतं. मी सुरूही केलं. “मदर, तुम्हाला माहीत आहे का हे हात कुणाचे आहेत? ती करंगळी बघा. माझी आई आहे ती. आणि आई गेली तेव्हा हातात चुडा घेऊन गेली. नाव सावित्री. जन्मभर वडाला फेऱ्या घालून नवऱ्याच्या आधी जायचं एवढंच तिने मागितलं आणि ते मिळवलं. ज्या बाईचा चुडा मेल्यावरसुद्धा कुणी वाढवला नाही, तो आता बाबांनी वाढवायचा? स्वतः जिवंत असताना?”

माझा आवाज त्या चॅपेलमध्ये फार मोठा झाला. मागे परांचीवर चढलेले रंगारी काम थांबवून बघू लागले. मला रडू यायला लागलं, आणि कचेरीत मला कधीच रडू येत नाही.

मदर लिसी जवळ गेल्या. करंगळी पाहिली. हात नाही लावला. “मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी बैठकीत पुन्हा विचारते. कदाचित राहू देता येतील.”

मी जिंकले होते. मी बाबांकडे पाहिलं.

बाबा मान हलवत होते. “नको गो बाय. भांडू नको.” आणि मग मदरना म्हणाले, “बघा, मी तिला म्हायेरवाशीण समजलंय. ती तर घरची आयस. ह्या पोरी कुठून कुठून येतत, ह्यांच्या हातात काय नाय. आयशीच्या हातात बांगड्या आणि पोरींचे हात मोकळे, हा बरा दिसत नाय. माजी चूक झाली व्हती, पण मोठ्या मदरनी पोटात घातली. आता घर तुमचा हाय. जसा तुमका हवा तसा.”

“आणि आई?” मी विचारलं.

“आयशीचे हात कुठे जातत? फक्त बांगड्या.”

असं म्हणून त्यांनी वळून हातोडी उचलली.

मूर्तीखाली पदरासारखं पांढरं फडकं धरायला हवं होतं, तुकडे जमिनीवर पडू नयेत म्हणून. फडकं मदर लिसींनी धरलं, कुणी न सांगता. बाबा हलक्या हाताने ठोकत होते, गणपतीच्या दातांशी काम करावं तसं. इतक्या वर्षांचा धुरळा बसलेली काच होती, पण फुटली तिथे आतून हिरवीगार निघाली. एकेक तुकडा फडक्यात पडत होता. सिस्टर फिलोमिना पुटपुटत होत्या, त्यांची प्रार्थना असावी. मी नुसती उभी होते. मला आईच्या हातांचा आवाज आठवत होता. सकाळी भांडी घासताना व्हायचा तो.

शेवटची बांगडी उरली आणि बाबा थांबले.

“बाय, दोरा हाय?”

मला लगेच कळलं. कासारही असंच करतो. जुन्या बांगड्या उतरवताना एक तरी हातात ठेवतो, नाहीतर दोरा बांधतो, नवीन भरेपर्यंत. हात रिकामा दिसायचा नाही, एक क्षणही नाही. मी पर्स उघडली. दोरा कुठून असणार? रबर होतं, टाचण्या होत्या, स्कूटरची पावती होती. सिस्टर फिलोमिना स्वयंपाकघरात सुतळी बघायला निघाल्या.

“दोरा कशाला?” मदर लिसींनी विचारलं.

बाबांनी सांगितलं. त्यांना जसं सांगता येतं तसं, अर्धवट. “हात मोकळा ऱ्हवता नये, मदर. एवढाच.”

मदर लिसींनी फडकं माझ्या हातात दिलं. कमरेला लावलेली त्यांची जपमाळ सोडली. साधी लाकडी मण्यांची, मणी वापरून गुळगुळीत झालेले, शेवटी लहानसा क्रूस. ती त्यांनी बाबांच्या हातात ठेवली. “हिला चालेल का?”

बाबांनी माळेकडे पाहिलं. मग मूर्तीच्या जोडलेल्या हातांवर ती दोन वेढे देऊन नीट बसवली, क्रूस करंगळीवर येईल अशी. मान मागे करून बघितलं, माळ पुन्हा जरा सरकवली. मूर्तीची शेवटची आखणी करताना ते असेच बघायचे.

“चालेल,” बाबा म्हणाले. “चांगली दिसता.”

मग त्यांनी शेवटच्या बांगडीवर ठोकलं. एकदाच. तुकडे फडक्यात पडले तसे माझ्या तळहाताला जाणवले.

“वाढली,” मदर लिसी हळूच म्हणाल्या.

बाबांनी ऐकलं. त्यांनी हातोडी खिशात घातली, शर्टाच्या बाहीने त्या वाकड्या करंगळीवरची धूळ पुसली, आणि स्टुलावरून उतरायला माझा हात धरला.