दोऱ्याएवढी फट

पौषातली सकाळ. कृष्णाकाठचं धुकं मिरजेच्या गल्ल्यांतून पाय न वाजवता हिंडत होतं. सतारमेकरांच्या कौलांवर वाळत घातलेले भोपळे त्या धुक्यात तरंगत होते. पिवळे, पोकळ, अजून सूर न लाभलेले. कुठल्याशा माडीवर कोणी तंबोऱ्याची तार छेडत होतं, थांबत होतं, पुन्हा छेडत होतं. तार आणि तिला पेलणारी घोडी यांच्यामध्ये एक बारीक दोरा सरकत होता. तो जागेवर आला की तार गाते. जरासा हुकला की तीच तार मुकी.

गल्लीच्या तोंडाशी, चिंचेच्या विरळ सावलीत, एक मोटार उभी होती. कृष्णवर्ण, गोलस्कंध, गजगामिनी. साठ-सत्तर पावसाळे पाहिलेली विलायती गाडी. तिचं बॉनेट उघडं होतं आणि त्या उघड्या काळोखावर दस्तगीर मुजावर मिस्त्री ओणवे झाले होते.

त्यांच्या हातात हातभर लांबीची लाकडी दांडी होती. मोडक्या तंबोऱ्याच्या लाकडातून तासलेली, तळव्याच्या घामाने मधासारखी झालेली. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला. चाळीस वर्षं मिरजेतली यंत्रं त्या दांडीतून मिस्त्रींशी बोलत आली होती. झडपांची फट मोजायच्या पोलादी पत्त्या त्यांनी कधीच पेटीच्या तळाशी टाकल्या होत्या. "अल्लानं कान दिलेत," ते म्हणत, "पत्त्या कशाला?"

मोटारीच्या मालकीण नलिनीबाई सहस्रबुद्धे चिंचेखाली खुर्चीवर बसल्या होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पांढरी साडी, ताठ कणा. गाडी पतीची. ते जाऊन तीन वर्षं झाली होती.

"सांगलीचा गॅरेजवाला म्हणतो, इंजिन संपलं, भंगारात द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीही तेच म्हणालात, मिस्त्री, तर देऊन टाकते. तुमच्या शब्दापुढे मला दुसऱ्याचा शब्द नको."

मिस्त्रींनी गाडी सुरू केली. ती चालू झाली, पण लंगडत. तीन पावलं सरळ, एक पाऊल रिकामं. तीन सरळ, एक रिकामं.

सायलेन्सरच्या तोंडाशी त्यांनी रुमाल धरला. उष्ण उच्छ्वासाने रुमाल फुलला, फुलला, आणि मध्येच आत ओढला गेला. जणू कोणी बोलता बोलता हुंदका गिळावा.

मग त्यांनी प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या, पुन्हा लावल्या. पहिली काढली, गाडी कण्हली. दुसरी काढली, कण्हली. चौथी काढली, कण्हली. तिसरी काढली. काहीच झालं नाही. तिसऱ्या सिलिंडरची एक झडप जळली होती.

इंजिन निवल्यावर त्यांनी वरचं झाकण उतरवलं. तेलाने न्हालेल्या आठ झडपा, एका ओळीत. प्रत्येक झडप आणि तिला दाबणारा लोखंडी हात यांच्यामध्ये दोऱ्याएवढी फट हवी. त्या फटीतूनच टकटक येते. तापलेलं लोखंड लांबतं, त्याला तेवढी जागा लागते. जागा नसली तर झडप पुरती मिटत नाही, आणि न मिटलेल्या दाराची कड ज्वाळा चाटत राहते.

पेटीचा तळ उपसून मिस्त्रींनी पत्ती काढली. तिसऱ्या घरात ती शिरली नाही. त्यांनी दुसऱ्यात घालून पाहिली. शिरली नाही. पहिल्यात नाही, चौथ्यात नाही. आठ फटींपैकी एकीतही नाही.

एक झडप आवळली असती, तर तो वयाचा दोष म्हणता आला असता. आठही आवळल्या होत्या, तर तो हाताचा दोष होता. आणि गेल्या दसऱ्याला या झाकणाखाली शेवटचा हात फिरला होता तो त्यांचाच. टकटक मावळेपर्यंत ते स्क्रू फिरवत गेले होते, कानाशी दांडी धरून, तृप्त मनाने.

मिस्त्रींनी वर पाहिलं. दोन वर्षांपासून त्यांना वाटत होतं, चिंचेवरच्या चिमण्या गेल्या. चिमण्या तिथेच होत्या. चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

इंजिन संपलं. दोनच शब्द. म्हटले असते तर गाडी भंगारात गेली असती आणि चाळीस वर्षांचं नाव जागच्या जागी राहिलं असतं. धुकं विरत होतं. मिस्त्रींनी पत्ती पुसून पेटीच्या कडेवर ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "इंजिन संपलं नाही."

"मग?"

"माझे कान संपले. आवाज बंद होईस्तोवर आवळत गेलो. तो बंद झाला माझ्या कानात. तुमची गाडी मीच जाळली."

नलिनीबाईंनी उघड्या इंजिनाकडे पाहिलं. माडीवरची तार थांबली होती.

"दसऱ्याला गाडी घरी आली ती अगदी गप्प," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, काय हात आहे मिस्त्रींचा! वर्ग गप्प बसला की मी अशीच खूश व्हायचे. वाटायचं, पोरी शिकताहेत."

"आमची लेक मेहरुन तुमच्याच वर्गात गप्प बसायची, बाई."

"ठाऊक आहे. गणितात शंभरात सात!"

मिस्त्रींना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"नवी झडप घाला," नलिनीबाई उठत म्हणाल्या. "फट पत्तीनं मोजा. ऐकायला मी येते."

चार दिवसांनी, त्याच चिंचेखाली, नवी झडप घासूनपुसून बसली होती. आठही फटी पत्तीने मोजल्या होत्या. इंजिन तापलं, स्थिरावलं. मिस्त्रींनी ती मधुवर्ण दांडी, जी त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नव्हती, दोन्ही हातांनी पुढे केली.

नलिनीबाईंनी पदर खोचला. त्या वाकल्या. दांडीला कान लावला.

"येतो का आवाज?" मिस्त्रींनी विचारलं.

नलिनीबाईंचे डोळे मिटले. "येतो," त्या म्हणाल्या. "हाच. हे घरी यायचे, तेव्हा फाटकाशी येई तो."

त्यांचं एक बोट मडगार्डवर आलं आणि नकळत वाजू लागलं. टक, टक, टक. मिस्त्री त्या बोटाकडे बघत राहिले. उन्हात भोपळे तापत होते, चिंचेवर चोची उघडत होत्या, मिटत होत्या. काळ्या पत्र्यावर एक वृद्ध बोट उठत होतं, टेकत होतं. आणि उठणं आणि टेकणं यांच्यामध्ये, दर वेळी, दोऱ्याएवढा उजेड दिसत होता.