डावा पाय

पोस्टमनचा डावा पाय पुन्हा जमिनीला टेकला. चाक दगडावर नीट बसलं होतं, तोलही गेला नव्हता. पण वळण आलं, गाडी हळू झाली आणि पाय आपला खाली.

"चौथा," साडू म्हणाला आणि त्याने पोस्टमनच्या कार्डाला भोक पाडलं.

जुन्या दगडखाणीतल्या या खेळात वेगाला कवडीचीही किंमत नव्हती. बिनसीटच्या मोटारसायकलवर उभं राहायचं आणि दोन फितींच्या मधून, दगडधोंड्यांवरून मुंगीच्या पावलाने पलीकडे जायचं. पाय टेकला की कार्डाला एक भोक. ज्याची भोकं कमी, तो जिंकला. पाय मोजायला दुसरा चालवणारा भोक पाडायचा पंच घेऊन शेजारी उभा राहायचा. पन्नाशीपुढचे शिकाऊ दोघंच, त्यामुळे पोस्टमन आणि त्याच्या धाकट्या मेव्हणीचा नवरा एकमेकांचे पाय मोजत.

तेहतीस वर्षं पोस्टमनने मोटारसायकलवरून पत्रं वाटली होती. फाटक आलं की पाय खाली, पत्र पेटीत, पुढचं फाटक. निवृत्त झाल्यावर हा खेळ त्यानेच शोधून काढला, क्लबात नावही आधी त्यानेच घातलं. साडू आला तो नुसता सोबतीला. व्यवसायाने शिंपी. गाडी आयुष्यात कधी धड चालवलेली नाही. पण शिलाई मशीनच्या पॅडलवर जन्म गेल्यामुळे त्याचे पाय एकदा जागेवर बसले की बसले. पोस्टमनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात बायको घरी भाजी वाढता वाढता म्हणायची, "त्यांना बघा किती चटकन जमलं." तेवढ्यावर त्याची भूक मरायची.

आणि आज तर निकालच लागणार होता. शिकाऊंसाठी क्लबाची गाडी एकच. आज ज्याची भोकं कमी, तो पुढच्या महिन्यात स्पर्धेत उतरणार आणि दुसरा फितीबाहेर उभा राहून टाळ्या वाजवणार. शेवटचा टप्पा उरला होता. दोघांच्याही कार्डांवर चार-चार भोकं होती.

आधी साडू निघाला. पोस्टमन वळणावर जाऊन उभा राहिला. टेक, तो मनातल्या मनात म्हणत होता, एकदा तरी टेक की लेका. वळणावर मागचं चाक घसरलं, हँडल थरथरलं, साडू पार वाकडा झाला. पोस्टमन डोळ्यांत तेल घालून बघत होता. पाय टेकला नाही.

त्याने पंच दाबला.

"एक," तो म्हणाला.

साडू धापा टाकत खाली उतरला. "कुठे हो?"

"वळणावर. उजवा."

साडूने वळणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटाकडे.

"असेल," तो म्हणाला. "तुम्ही जवळ होतात."

भांडला असता तर बरं झालं असतं. पोस्टमनने त्याचं कार्ड खिशात टाकलं, आपलं कार्ड आणि पंच त्याच्या हातात कोंबले आणि गाडी घेतली.

पहिले दगड त्याने छान पार केले. छाती फुगली. मग वळण आलं, गाडी हळू झाली आणि बुटाखाली खडी करकरली. साडू दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

टप्पा संपवून पोस्टमनने आपलं कार्ड मागून घेतलं. भोकं चारच होती.

"माझा पाय टेकला होता," तो बोलून गेला.

"मला नाही दिसला, भाऊ." साडू हेल्मेटचा पट्टा सोडत होता. "तुम्हाला दिसतात तसे मला नाही दिसत."

आवाजात टोमणा नव्हता. पोस्टमनची कानशिलं तापली. खरं सांगायचं तर शरम नंतर वाटली, आधी वाटला तो हेवाच. गाडी याचं ऐकते, पाय याचं ऐकतात, आणि आता एवढं मोठं मनही याच्याच वाट्याला यावं?

"काका, कार्डं आणा!" वरून प्रशिक्षक बाईंनी हाक मारली. "कोण उतरतंय स्पर्धेत?"

पोस्टमनने साडूच्या हातातून पंच काढून घेतला आणि आपल्या कार्डाला पाचवं भोक पाडलं. ते त्याच्या पायाचं होतं. साडूच्या कार्डावरही पाचच होती, आणि त्यातलं शेवटचं आता काही केल्या बुजणार नव्हतं. तो क्षणभर दोन्ही कार्डांकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या कार्डावर पंच पुन्हा दाबला.

"अहो, दोनदा कुठे टेकला?" साडू म्हणाला.

"टेकला. तुला कुठे काय दिसतंय!"

साडूने कार्डांसाठी हात पुढे केला. पण पोस्टमनने ती छातीशी धरली आणि साडू आधी पोचू नये म्हणून झपाझप चढ चढायला लागला.