माझ्या पाठीचा साचा

टीमच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बसवून स्वतःच्या हाताने पाणी दिलं, तेव्हाच माझं डोकं सटकलं. बावीस वर्षं रेस केल्या मी. एवढा गोडवा कशासाठी असतो ते कळतं मला.

"दादा, पुढच्या मोसमात पाहुण्यांना ट्रॅकवर हळूहळू फिरवून आणा," तो म्हणाला. "नाहीतर नव्या ड्रायव्हरांना शिकवा."

"वाघाला गवत खायला सांगतोस? आणि माझ्या रेसचं काय?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमची गाडी दुसऱ्याला दिलीय."

मी तडक वर्कशॉपमध्ये गेलो. माझी सीट उपटून जुन्या टायरांवर भिरकावली होती. रेसच्या गाडीची सीट ड्रायव्हरच्या पाठीचा साचा घेऊन बनवतात. ती दुसऱ्या कुणाला होत नाही. मी ती काखोटीला मारली.

"अहो, ती टीमची मालमत्ता आहे!" मॅनेजर मागून धावत आला.

"असं? मग बस तिच्यात." मी सीट त्याच्या पुढ्यात आदळली. सगळे मेकॅनिक काम सोडून बघत होते, म्हणून तो मुकाट्याने बसला आणि लगेच कळवळून उठला.

"डावीकडे काहीतरी टोचतंय."

"टोचणारच! तुमच्याच गाडीत माझ्या दोन बरगड्या मोडून आत गेल्या. माझ्या अंगाला जिथे खड्डा, तिथे या सीटला उंचवटा. आता बोल, मालमत्ता कुणाची?"