एक्केचाळीस क्रमांकाचे कार्ड

आमच्या प्रकल्पाचा पहिला निष्कर्ष असा होता की पासष्टीपुढच्या दोनशे बारा जणांत पडण्याचे प्रमाण सहा महिन्यांत निम्म्यावर आले. माझा त्यावर विश्वास नव्हता.

१९८७ साली मी ॲन आर्बरमध्ये एका सार्वजनिक आरोग्य प्रकल्पात संख्याशास्त्रज्ञ होते. आमच्या परिचारिका वृद्धांच्या घरी जाऊन सैल गालिचे उचलायला लावत, जिन्यात दिवे आणि न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेत. सहभागी व्यक्तीने दर महिन्याला एक कार्ड पाठवायचे. प्रत्येक तारखेला एक चौकोन. पडल्यास फुली, नाहीतर रिकामा. फुली दिसली की परिचारिका संध्याकाळी घरी फोन करी. सारे मोजमाप माणसाच्या खरेपणावर उभे होते, आणि तो मोजण्याची सोय आमच्याकडे नव्हती.

क्रमांक एक्केचाळीस म्हणजे पद्मिनीकाकू. वय चौऱ्याहत्तर, पुण्यात बत्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त, आता मुलाकडे. मुलगा गिरीश डिअरबॉर्नला इंजिनिअर. तो आणि सून सकाळी सातला बाहेर पडत. काकूंची सहाही कार्डे कोरी होती.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांच्या मनगटाभोवती जुन्या माराचे पिवळट डाग दिसले.

"कपाटाचं दार लागलं."

"दार चारही बाजूंनी लागतं का, काकू?"

"तू चहाला आलीस की तपासणीला?"

त्या चहाकडे वळल्या आणि माझी नजर भिंतीवरच्या पुण्याहून आलेल्या कॅलेंडरकडे गेली. जानेवारीच्या पानावर पेन्सिलीची एक बारीक फुली होती. त्याच खिळ्याला मागे गेल्या वर्षीचे कॅलेंडर टांगलेले होते. त्यात नोव्हेंबरमध्ये एक आणि डिसेंबरमध्ये एक.

"या आमच्या कार्डावर का नाहीत?"

"तुमच्या कार्डावर मारली की फोन येतो. संध्याकाळचा फोन गिरीश उचलतो." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "दिवाळीत म्हणाला, 'आई, एकदा जरी पडलीस तर तुला एकटीला ठेवायची रिस्क मी घेणार नाही. नागपूरला संजीवकडे सोडीन.' संजीवही माझाच मुलगा, पण त्याच्याकडे मी पाहुणी असते, उत्तरा. इथं सात ते सहा हे घर माझं असतं. सांगशील त्याला?"

सहभागी व्यक्तीची माहिती कुटुंबीयांना द्यायची नाही, असा आमचा नियम होता. मी नियमाचा आधार घेतला आणि चहा संपवून निघाले. त्या निम्म्या आकड्यामागे असे आणखी किती एक्केचाळीस असतील, एवढाच विचार परतताना केला.

मंगळवारी दुपारी सव्वा वाजता ऑफिसात माझ्या मैत्रिणीचा, लताचा फोन आला. "आज अंगारकी, यार! मोदक केलेत. ये, पण चंद्रोदयानंतर हं."

मी उपास करीत नाही, म्हणून हसून फोन ठेवला. मग ते तीन चौकोन आठवले. तिन्हींत तारखेखाली चंद्रोदयाची वेळ छापलेली होती. ती फक्त संकष्टी चतुर्थीलाच छापतात.

तीन स्वतंत्र घटना योगायोगाने चतुर्थीलाच घडण्याची शक्यता साधारण सत्तावीस हजारांत एक. अर्थात, आकडे आधी पाहून मग नियम शोधला की असा हिशेब फसवा ठरतो. गृहीतक तपासायला नवी चतुर्थी हवी. ती आज होती.

काकूंचा अर्ज मीच भरला होता: रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवी वाढवणारी गोळी. त्यावर उपास निर्जळी असेल, तर दिवसभर पाण्याचा थेंब नाही. माणूस उभा राहिला की दाब एकदम उतरणार. आमच्या यादीत गालिचे होते, दिवे होते, उपास नव्हता.

मी फोन लावला. बारा वेळा वाजला. पुन्हा लावला.

गिरीशचा नंबर समोर होता. काकू पूजेला बसल्या असतील तर माझ्या एका फोनने त्यांचे घर जाईल. जमिनीवर पडल्या असतील तर... मी स्वतःला पंधरा मिनिटे दिली. दार उघडले नाही तर आधी ॲम्ब्युलन्स, मग गिरीश. पंधरा या आकड्याला कोणताही आधार नव्हता.

रस्त्यावर बर्फाचे काळे थर होते आणि माझ्या गाडीपुढची बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. एकोणीस मिनिटे लागली. बेल वाजवली, आत हालचाल नाही. गुडघाभर बर्फातून मागे गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले. काकू फरशीवर उताण्या पडल्या होत्या. डोळे मिटलेले.

मी काच बडवली. बराच वेळ काही नाही. मग डोळे उघडले आणि एक बोट मागच्या दाराकडे वळले. दाराला कडी लावलेली नव्हती.

"किती वाजता पडलात?"

"दहाला. देवापुढून उठले, अंधारी आली." आवाज कोरडा, पण शब्द स्पष्ट होते. "मघाशी फोन तू केलास का? बारा वेळा वाजला. मोजले."

डोके आपटले नव्हते. पाय हलत होते. मनगट सुजले होते, पुन्हा तेच. निघताना परिचारिकांच्या कपाटातून घेतलेला रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधला. आडव्या स्थितीत वरचा दाब अठ्ठ्याण्णव, नाडी एकशे बारा. दोन वाजत आले होते. मी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि पाणी आणले. काकूंनी ओठ घट्ट मिटले.

"चंद्र?"

"इथं रात्री दहाच्या सुमाराला."

"मग दहाला."

"काकू, तोवर तुम्ही—"

"आज अंगारकी आहे. भाषण नको."

मी पुन्हा नाडी पाहिली. एकशे अठरा. पाणी नाकारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. वेळ मात्र नव्हता.

"आज चतुर्थी आहे हे कुठल्या कॅलेंडरवरून ठरवलंत?"

"पुण्याच्या."

मी भिंतीकडे पाहिले. "त्यावर चंद्रोदय नऊ चाळीस. पुण्यात आत्ता रात्रीचे साडेबारा झालेत. चंद्र उगवून तीन तास होत आले. तिथी तिकडची आणि चंद्र इकडचा? एका समीकरणात दोन एककं तुम्ही मुलांना चालू दिली असतीत?"

त्यांनी छताकडे पाहिले. युक्तिवाद धर्माला मान्य होता की नाही, मला माहीत नव्हते. तो फक्त सुसंगत होता.

"नसती," त्या म्हणाल्या. "पाज."

चमच्याचमच्याने अर्धा पेला गेला.

"आता गिरीशला कळणार."

"मी सांगणार नाही. नियम आहे." लांब वायरचा फोन मी फरशीवर ओढला. "तुम्ही सांगा."

"तो विचारेल, किती वेळा. चार म्हटलं की नागपूर."

"एकदा म्हटलंत तरी नागपूर. कधी पडेल ते माहीत नसलेल्या बाईला एकटं ठेवता येत नाही. पण कुठल्या दिवशी पडते हे माहीत असलं, तर तेवढे तेरा दिवस सांभाळता येतात."

"बारा. तेरा अधिक मासात."

"बारा. बाकीचे सगळे चौकोन कोरे आहेत, आणि ते खरे कोरे आहेत. आमच्या कार्डासारखे नाहीत. चार घटना म्हणजे पुरावा नव्हे. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण तुमच्या बाजूनं दाखवण्यासारखं आज एवढंच आहे, आणि ते त्या भिंतीवर आहे."

दूरवर सायरन ऐकू आला. काकूंनी डाव्या हाताने रिसीव्हर कानाला लावला. नंबर मी फिरवला.

"आई? व्हॉट हॅपन्ड?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"मी पडले. आज, आणि त्याआधी तीनदा. रागवायचं ते नंतर, आधी तारखा लिहून घे. आणि हॉस्पिटलात येताना भिंतीवरची कॅलेंडरं घेऊन ये. दोन्ही वर्षांची."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पेन घेतलं," गिरीश म्हणाला. "सांग."