घट्ट झाकण

घरात सायकल आली तेव्हापासून थोरलीला सकाळचा चहा गोड लागेना.

सायकल तिच्या धाकट्या जावेची. धाकटी दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. डबा कॅरिअरला अडकवला, घंटी एकदा वाजवून पाहिली, की निघाली. कुणाला विचारणं नाही, कुणासाठी थांबणं नाही. थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिला नवरा स्कूटरवर सोडायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा. यायचा म्हणजे, त्याला जमेल तेव्हा. तोवर ती बंद शटरसमोर उभी राहून येणारी प्रत्येक स्कूटर न्याहाळायची. नेमकी त्याच वेळी कधीकधी धाकटी समोरून जायची. "ताई, येताय ना?" म्हणायची आणि वळणावर दिसेनाशी व्हायची. येताय ना म्हणे! थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"घामाघूम होऊन कामावर जायचं, शोभतं का?" ती घरात म्हणायची. "गाड्यांच्या मधून घुसते. एक दिवस हातपाय मोडून घेईल." ऐकणाऱ्याला वाटावं, केवढी ही काळजी.

त्यातच एके दिवशी मालकीणबाईंनी तिला बोलावलं. पलीकडच्या वस्तीत त्या नवी शाखा काढणार होत्या.

"तुम्हीच सांभाळा ती," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसवलेला स्क्रू कधी सैल होऊन परत आला नाही. मात्र सकाळी लवकर उघडावं लागेल. येण्याजाण्याची सोय आहे ना? शनिवारपर्यंत सांगा."

इतकी वर्षं दुसऱ्याच्या गल्ल्यामागे उभी राहून तिनं याच शब्दांची वाट पाहिली होती. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं.

"एवढ्या सकाळी?" तो म्हणाला. "माझी रात्रपाळी तेव्हा कुठे सुटते. नाही म्हणून सांग." आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"अहो ताई, ती वस्ती माझ्या दवाखान्याच्या वाटेवरच आहे," धाकटी म्हणाली. "सायकलनं काहीच लांब नाही."

बिचारी भल्यासाठीच बोलली, पण थोरलीला ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं झोंबलं.

दुसऱ्या दिवशी घर जागं व्हायच्या आत ती जिन्याखाली गेली. मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली आणि आतली पिन नखानं दाबून धरली. फुस्स करत चाक बसलं. क्षणभर तिला फार बरं वाटलं. मग हाताच्या सवयीनं टोपी पुन्हा बसवून ती चहा ठेवायला गेली.

संध्याकाळी धाकटी दमून आली.

"सायकल ढकलत गेले. कवळीच्या मापाला आलेले आजोबा ताटकळले, डॉक्टर चारचौघांत नको नको ते बोलले. आणि पंक्चर कुठेच नाही, नुसती हवा सोडलेली! वर टोपी एवढी पिळलेली की सायकलवाल्याला पक्कड लावावी लागली. मी तर ती कशीबशी अडकवते. कुणी टारगट पोरं असतील."

सासूबाई साखरेच्या बरणीशी झटत होत्या. झाकण हलेना. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग थोरलीकडे. या घरातली झाकणं कोण पिळतं हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

"उघड गं," एवढंच म्हणून त्यांनी बरणी पुढे सरकवली.

धाकटी कपडे बदलायला गेली, तसा थोरलीचा बांध फुटला. "आई, तिला कुणासाठी थांबावं लागत नाही हो."

"मग तुला काय हवं होतं? तिनंही थांबावं, की तुझं थांबणं सुटावं?"

थोरलीनं झाकण सोडवलं आणि बरणी त्यांच्यापुढे ठेवली.

"हेवा वाटला म्हणून कुणी वाईट ठरत नाही. भूक लागली की पोट कुरकुरतं, तसं मन कुरकुरतं. पण आपल्याला भूक लागली म्हणून दुसरीचं ताट उपडं केलं, तर दोघी उपाशी."

"या वयात सायकल शिकू? लोक हसतील."

"हसतील की. मीसुद्धा हसेन. हसून झालं की लोक आपापल्या कामाला जातात. तू मात्र शटरसमोरच उभी राहशील."

थोरली उठली ती थेट धाकटीच्या दारात. "टोपी मी पिळली," ती म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. "दिवसभर मी त्या पोरांना शिव्या घातल्या, ताई. मला राग आलाय. लगेच जाणारही नाही."

"नको जाऊ दे."

"उद्या सकाळी मैदानावर या. रागातच शिकवते."

आणि खरंच तिनं रागातच शिकवलं. "खाली काय बघताय, जमीन कुठे पळून जात नाही! समोर बघा!" कोपर खरचटलं, गुडघा सुजला. फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी "सर्कस कधीपासून?" असं विचारूनही घेतलं. तिसऱ्या पडण्यानंतर मात्र दोघींनाही हसू आवरेना, आणि राग तिथेच मैदानावर राहिला.

शनिवारी मालकीणबाईंनी विचारलं, "मग, सोय आहे?"

"अजून नाही. पण शाखा उघडेपर्यंत होईल. मीच करतेय."

बाईंनी तिच्या कोपराकडे पाहिलं आणि होकार दिला.

शाखा उघडायच्या सकाळी थोरली नुकत्याच घेतलेल्या स्वतःच्या सायकलवर एकटी निघाली. कोपऱ्यावरच्या घराच्या फाटकात शेजारीण नवऱ्याच्या गाडीची वाट बघत उभी होती.

"एवढ्या सकाळी, ते पण सायकलवर? शोभतं का बाई?"

तो सूर थोरलीच्या चांगलाच ओळखीचा होता. तिनं ब्रेक दाबला, पाय टेकवला.

"उद्या मैदानावर येता? माझी जाऊ शिकवते. ओरडते, पण शिकवते."

शेजारणीनं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग हळूच विचारलं, "किती वाजता?"

वाचकहो, दुसऱ्याच्या चाकाची हवा सोडून आपली वाट कधी सरत नाही. आणि जी बाई फाटकात उभी राहून नावं ठेवते, तिला एकदा तरी विचारून बघावं, की बाई, तुलाही यायचंय का?