नावानं हाक

दीपगृहाच्या फाटकावर पाटी होती: दुपारी चार ते साडेपाच. आणि आत्ता कुठे वाजले होते साडेदहा. देवरूखहून पहिली एसटी पकडून आलेल्या मालनला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेल्या तिच्या रिटायर्ड कंडक्टर नवऱ्याला मात्र जराही लाज नव्हती. "तोवर बाहेरनं फोटो काढतो," म्हणाला. दीडशे वर्षांचं ते जुनं दीपगृह मोबाइलमध्ये अख्खं मावेना, म्हणून मागे सरकत सरकत तो खडकांवर गेला, आणि तिथून पार टोकाला, होड्या बघायला. समुद्राकडे तोंड करून बसला तो बसलाच.

मालन वाळूत मासळी सुकवणाऱ्या सोनूबाई नावाच्या कोळणीपाशी टेकली.

"ते तुजं घरवालं काय गो?" सोनूबाईनं टोपली खाली ठेवली. "आज अवस हाय. उधाणाचं पाणी मागनं चढतं तिथं. बोलव त्यांना, बेगीन!"

खडक आणि किनारा यांच्यामधल्या घळीत मघाशी पाऊल भिजण्याएवढं पाणी होतं. आता तिथे फेस उसळत होता. मालन धडपडत उठली.

"अहोऽऽ!"

जाळं विणणारे दोघे वळले. मुंबईचा एक पर्यटक वळला. जगातले सगळे अहो वळले, तिचा तेवढा हलला नाही.

"ओ पाव्हणं!" सोनूबाई ओरडली. तो ढिम्म. जाळेवाल्यांतला एकजण घळीत उतरला, तर लाटेनं त्याला मागे लोटलं.

"अगो, नावानं हाक मार! नाव काय त्यांचं?"

मालनची जीभ अडली. लग्नात उखाण्यात घेतलं, तेच शेवटचं. छत्तीस वर्षं झाली. बँकेत कुणी विचारलं तरी ती मुकाट्यानं त्याचं आधार कार्ड पुढे करायची.

एक लाट टोकावर फुटली. मालनला संताप आला, त्याचा, स्वतःचा, त्या मेल्या उखाण्याचा.

"भिकाजीऽऽ! भिकाजी, मागे बघ!"

तो ताडकन उठला. वळला. पाणी पाहून त्याचा चेहरा उतरला. जाळेवाल्यांनी दोर फेकला, तो त्यानं कमरेला गुंडाळला आणि छातीभर पाण्यातून दोघांनी त्याला ओढून काढलं. मोबाइल गेला.

"मला ऐकू येत होतं गो," वाळूत बसून तो धापा टाकत म्हणाला. "वाटलं, कुणाची तरी बायको कुणाला तरी बोलावत्येय." मग त्यानं तिचं मनगट धरलं. "पण नाव कुणी घेतलं? तू?"

मालन रडत होती. तिनं मान डोलावली.

"परत घे ना एकदा."

तिनं तोंड उघडलं. खरंच खूप प्रयत्न केला.

"अहो," ती म्हणाली, "घरी चला."